पाळणाघराचा हिशेब : खर्च, अनुदान आणि दर्जा

मूल सहा महिन्यांचे झाले, प्रसूती रजा संपली आणि घरात आजी नसेल, तर त्या घरापुढे एक रोखठोक हिशेब उभा राहतो. मुलाला सांभाळायला जो खर्च येईल तो आईच्या पगारातून वजा केला, तर हाती काय उरते? अनेक घरांत या वजाबाकीचे उत्तर इतके लहान येते की नोकरी सोडणेच शहाणपणाचे वाटते. ही वजाबाकी सहसा आईच्याच पगारातून केली जाते, बापाच्या नव्हे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

बालसंगोपनाचा खर्च, त्यासाठी मिळणारे सरकारी साहाय्य आणि मिळणाऱ्या सेवेचा दर्जा या तीन बाबींवर गेल्या अर्धशतकात जगभर मोठे संशोधन झाले आहे. या तिन्ही बाबी परस्परांत गुंतलेल्या आहेत. एकीला हात लावला की उरलेल्या दोन हलतात. त्या संशोधनाचा, भारतातील योजना व कायद्यांचा आणि गोव्यासारख्या लहान राज्याच्या दृष्टीने त्यांच्या अर्थाचा हा संक्षिप्त परिचय.

अंगणवाडी, बालवाडी आणि पाळणाघर

हे तीन शब्द बोलण्यात सरमिसळ वापरले जात असले तरी त्यांची कामे वेगळी आहेत. बालवाडी म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसातील काही तासांचे पूर्वप्राथमिक शिक्षण. अंगणवाडीत या शिक्षणाला पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि मातांचे आहार-आरोग्य शिक्षण यांची जोड असते. पाळणाघराचे मुख्य काम मात्र दिवसभराच्या सांभाळाचे आहे. आईवडील कामावर असताना बाळाला भरवणे, निजवणे, स्वच्छ ठेवणे आणि त्याच्याशी बोलणे-खेळणे हे त्यात येते.

भेद वेळेचा आणि वयाचा आहे. अंगणवाडी दुपारी रिकामी होते. आई संध्याकाळी घरी परतते. अंगणवाडीतील शिक्षणाचा भाग तीन वर्षांपुढील मुलांसाठी असतो. आईला कामावर मात्र त्याच्या कितीतरी आधी रुजू व्हावे लागते. भारतातील बालसंगोपनाच्या धोरणातील सर्वांत मोठी पोकळी याच दोन जागी आहे.

उगम

अंगणवाडी ही कल्पना मराठी मातीतली. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. शहरी बालमंदिरांचा खर्चिक नमुना खेड्यात चालणार नाही, हे ओळखून त्यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने स्वस्त, स्थानिक साधनांवर चालणारे बालशिक्षण उभे केले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा तो विचार होता. आज देशभर रुजलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागे ही परंपरा आहे.

पाळणाघराची चळवळ बांधकामाच्या ठिकाणी सुरू झाली. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत, इमारतीच्या कामावर असलेल्या मजूर बायांची मुले उन्हाधुळीत पडलेली पाहून तेथेच त्यांच्यासाठी सोय केली. त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था आकाराला आली. मजूर जेथे जातील तेथे पाळणाघर न्यायचे, हे तिचे सूत्र होते.

सरकारी पातळीवर २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मधील आदेशात या सेवेचे सार्वत्रिकीकरण करण्यास सांगितले आणि सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी मिळावी, असे बजावले.

खर्च कशाचा असतो?

पाळणाघर महाग का, याचे उत्तर साधे आहे : हे काम माणसांनीच करावे लागते. कारखान्यात यंत्र आणून एका कामगाराकडून दुप्पट उत्पादन घेता येते. एका बाईकडे दहाऐवजी वीस तान्ही मुले दिली, तर त्याला उत्पादकता म्हणत नाहीत, हेळसांड म्हणतात. त्यामुळे इतर क्षेत्रांत वेतने वाढत गेली की पाळणाघराचा खर्चही वाढत जातो.

उदाहरणादाखल एक काल्पनिक हिशेब मांडू. तीन वर्षांखालील २० मुलांचे पाळणाघर आहे. दहा मुलांमागे एक याप्रमाणे दोन सेविका, प्रत्येकी १५,००० रुपये. एक मदतनीस, १०,००० रुपये. भाडे, वीज, दूध-खाणे, स्वच्छता व खेळणी मिळून ३०,००० रुपये. महिन्याचा खर्च ७०,००० रुपये, म्हणजे मुलामागे ३,५०० रुपये. आता पाच मुलांमागे एक सेविका ठेवायची म्हटली, तर चार सेविका लागतात आणि मुलामागे खर्च ५,००० रुपयांवर जातो. उलट, मूळच्या दोन सेविकांचे वेतन निम्मे केले, तर मुलामागे खर्च २,७५० रुपयांवर येतो. पालकाचे वाचले ७५० रुपये. सेविकेचे गेले साडेसात हजार.

अनुदान नसलेल्या बाजारात स्वस्ताई कोठून येते, हे या आकड्यांतून दिसते. ती बहुधा सेविकेच्या वेतनातून येते किंवा मुलांच्या गर्दीतून येते. कमी वेतनामुळे सेविका टिकत नाहीत आणि माणसे वारंवार बदलली की बाळाला ओळखीचा हात मिळत नाही. खर्चाचा प्रश्न असा दर्जाच्या प्रश्नात मिसळतो.

अनुदानाचे मार्ग

शासन मदत दोन प्रकारे करू शकते. एक, पाळणाघरालाच अनुदान देऊन शुल्क कमी ठेवणे. दोन, पालकाच्या हाती पैसे, सवलतपत्र किंवा करसवलत देऊन निवड त्याच्यावर सोडणे. पहिल्या मार्गात दर्जावर अंकुश ठेवता येतो, पण केंद्रे पुरेशी नसतील तर प्रतीक्षायाद्या लांबतात. दुसऱ्या मार्गात निवडीला वाव असतो. परंतु जवळपास चांगले पाळणाघरच नसेल, तर हातातल्या पैशाचा उपयोग मर्यादित राहतो.

स्वीडनने २००२ मध्ये शुल्कावर कमाल मर्यादा घातली. पहिल्या मुलासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३ टक्के, दुसऱ्यासाठी २ टक्के आणि तिसऱ्यासाठी १ टक्का, असे त्याचे सूत्र. अमेरिकेत संघराज्य शासनाने २०१६ मध्ये अनुदानित कुटुंबांसाठी उत्पन्नाच्या ७ टक्क्यांपर्यंतचे शुल्क परवडणारे मानले. परंतु तेथे अनुदानास पात्र असलेल्या मुलांपैकी फार थोड्यांपर्यंतच ते पोहोचते. कॅनडाने २०२१ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांसाठी सुमारे ३० अब्ज डॉलरची तरतूद करून दिवसाला सरासरी १० डॉलर शुल्काचे उद्दिष्ट ठेवले.

भारतात १ जानेवारी २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना लागू झाली. पुढे २०१७ मध्ये तिचे स्वरूप बदलून केंद्र, राज्य आणि चालवणारी संस्था यांचा वाटा ६०:३०:१० असा ठरला. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या २५ मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस, असे त्याचे प्रमाण. शुल्क नाममात्र : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिन्याला २० रुपये, १२,००० रुपयांपर्यंत मासिक उत्पन्न असलेल्यांना १०० रुपये आणि त्यावरील कुटुंबांना २०० रुपये. पण सेविकेचे मानधन ३,००० रुपये आणि मदतनिसाचे १,५०० रुपये. शुल्क परवडण्याजोगे ठेवण्याचा भार कोणी उचलला, हे या दोन ओळी शेजारी ठेवल्या की कळते.

२०२२ नंतर ही योजना ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पाळणा’ या नावाने चालते. अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देणे हा तिच्यातील महत्त्वाचा बदल असून देशभर अशी १७,००० केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे. शेजारच्या कर्नाटकात २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात रोजगार हमीवरील मातांच्या लहान मुलांसाठी ४,००० ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ ही पाळणाघरे घोषित झाली. बेळगाव भागातील मराठी वाचकांना हे नाव परिचित असेल.

कायद्याची मोजपट्टी

पाळणाघराची जबाबदारी मालकावर टाकणारे कायदे भारतात जुने आहेत. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार ३० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असावे, अशी तरतूद झाली. मळे कामगार अधिनियम, १९५१ आणि बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ यांतही तशीच कलमे आली. बांधकामाच्या बाबतीत अट ५० हून अधिक स्त्री कामगारांची होती. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला मजुरी देऊन नेमावे, असे नमूद होते.

या जुन्या कायद्यांत एक अंगभूत दोष होता. मोजणी फक्त स्त्रियांची होई. त्यामुळे तिसाव्या स्त्रीनंतरची पुढची नेमणूक मालकाला महाग पडे. २०१७ च्या मातृत्व लाभ (सुधारणा) अधिनियमाने ही मोजपट्टी बदलली. ५० वा अधिक कर्मचारी, मग ते स्त्री असोत वा पुरुष, असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा मिळाली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हीच चौकट असून अनेक आस्थापनांनी मिळून सामाईक पाळणाघर चालवण्याची वाट तिने मोकळी ठेवली आहे.

तरीही दोन अडचणी उरतात. पहिली म्हणजे २६ आठवड्यांच्या भरपगारी रजेचा भार पुष्कळदा मालकावर असतो. ज्या देशांत हा खर्च सामाजिक विम्यातून भागतो, तेथे तरुण स्त्रीला नोकरीवर घेताना मालक कचरत नाही. येथे ती भीती राहते. दुसरी अडचण अधिक मोठी आहे. देशातील बहुसंख्य स्त्रिया शेतात, घरकामात, लहान दुकानांत किंवा घरबसल्या काम करतात. पन्नास कर्मचाऱ्यांची अट त्यांच्या आसपासही फिरकत नाही. सरकारी नोकरीतील स्त्रीला २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. तिच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला कोणतीच रजा नाही.

दर्जा म्हणजे काय?

संशोधक दर्जाचे दोन भाग पाडतात. मुलांमागे माणसांचे प्रमाण, जागा, स्वच्छता आणि प्रशिक्षण हा मोजता येणारा भाग. सेविका मुलाशी कशी बोलते, ते रडल्यावर किती वेळात जवळ घेते, खेळात त्याला काय सुचवते, हा दुसरा भाग. मुलाच्या वाढीवर दुसऱ्या भागाचा प्रभाव थेट पडतो. पहिला भाग त्यासाठी अवकाश निर्माण करतो. भारताच्या २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणाने तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक आणि तीन ते सहा वयोगटातील २० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती, तसेच ३० मुलांसाठी ३५ चौरस मीटरची खोली, असे निकष सुचवले.

दर्जेदार संगोपनाचा लाभ किती दूरवर जातो, हे अमेरिकेतील दोन प्रयोगांनी दाखवले. मिशिगन राज्यातील इप्सिलँटी येथे १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांपैकी ५८ मुलांना उत्तम पूर्वप्राथमिक शिक्षण मिळाले. उरलेल्यांशी त्यांची तुलना चाळिशीपर्यंत आणि पुढेही होत राहिली. शिक्षण, मिळकत आणि गुन्ह्यांपासून दूर राहणे या तिन्ही बाबतींत पहिला गट पुढे राहिला. नोबेल पुरस्कारप्राप्त अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी या गुंतवणुकीचा वार्षिक परतावा ७ ते १० टक्के काढला. नॉर्थ कॅरोलिनातील १९७२ मध्ये सुरू झालेल्या ॲबेसिडेरियन प्रयोगात १११ बाळांचा समावेश होता. त्यातील एका गटाला तान्हेपणापासून पाच वर्षांपर्यंत पूर्णवेळ संगोपन मिळाले आणि त्याचे चांगले परिणाम प्रौढपणीही दिसले. मात्र हे दोन्ही प्रयोग लहान, खर्चिक आणि निवडक होते. त्यांच्या आधारे कोणत्याही पाळणाघराचा लाभ तसाच होईल, असे मानणे चूक ठरेल.

त्याचा इशारा कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने दिला. तेथे १९९७ पासून दिवसाला अवघ्या पाच डॉलरमध्ये पाळणाघराची सोय देण्यास सुरुवात झाली. मायकल बेकर, जोनाथन ग्रुबर आणि केव्हिन मिलिगन यांच्या २००८ मधील अभ्यासात मातांचा रोजगार लक्षणीय वाढल्याचे दिसले. परंतु त्याच वेळी मुलांमध्ये चिंताग्रस्तता व आक्रमकता वाढल्याचे, आजारपण अधिक झाल्याचेही आढळले. यावर पुष्कळ वाद झाला. तेथील पाळणाघरांच्या दर्जाची स्वतंत्र पाहणी झाली, तेव्हा बहुतेक केंद्रे जेमतेम दर्जाची निघाली. ना-नफा केंद्रे तुलनेने सरस होती आणि गरीब घरांतील मुलांच्या वाट्याला ती कमी येत होती. शुल्क झपाट्याने उतरले, मागणी वाढली. पण प्रशिक्षित माणसे त्या वेगाने तयार होणे शक्य नव्हते.

भारतातला सर्वांत बोलका पुरावा तमिळनाडूचा आहे. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी ३२० अंगणवाड्यांचा अभ्यास करताना त्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या केंद्रांत केवळ बालशिक्षणासाठी एक अर्धवेळ सेविका वाढवली. दीड वर्षात शिक्षणाचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे गणित व भाषा सुधारली आणि कुपोषणातही घट झाली. नवी इमारत नाही की महागडी साधने नाहीत. मूळच्या सेविकेच्या डोक्यावरचा नोंदवह्यांचा आणि आहारवाटपाचा भार वाटून घेणारे एक माणूस मिळाले, एवढाच फरक होता.

आईच्या कामाचे काय?

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींच्या विनावेतन सांभाळात गुंतलेल्या होत्या; पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. सांभाळ करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी १४० मिनिटे देत, तर पुरुष ७४ मिनिटे. स्वयंपाक, धुणीभांडी हे काम त्याखेरीज.

पाळणाघर मिळाले की स्त्री कमावू लागते का? नैरोबीच्या झोपडवस्तीत मातांना पाळणाघराची सवलतपत्रे दिली, तेव्हा त्यांच्या रोजगारात सुमारे ८.५ टक्के-अंकांची वाढ झाली. राजस्थानातील उदयपूर भागात सेवा मंदिर या संस्थेच्या बालवाड्यांच्या अभ्यासात मात्र मातांचा सांभाळाचा वेळ घटला, मनावरचा ताण हलका झाला. पण मोलाच्या कामात वाढ माफकच दिसली. गावात कामच नसेल, तर मोकळा झालेला वेळ पगारात रूपांतरित होत नाही. तथापि, तो वेळ वाया गेला असेही म्हणता येत नाही.

गोव्याच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या शहरी होती. देशातील राज्यांत हे प्रमाण सर्वाधिक. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा एकूण जननदर १.३ आढळला. घरे लहान झाली आहेत, मुले कमी आहेत आणि अनेक कुटुंबांत कर्ता पुरुष आखाती देशात किंवा जहाजावर आहे. नातवंडे सांभाळणारी आजीही आता पूर्वीसारखी हमखास हाताशी नसते. ती स्वतः नोकरीत असते किंवा तिलाच सांभाळाची गरज असते.

राज्यात सुमारे साडेबाराशे अंगणवाड्यांचे जाळे आहे. त्यांतील काही केंद्रांचा वेळ संध्याकाळपर्यंत वाढवून त्यांना पाळणाघराची जोड देणे, हा नव्या इमारतींपेक्षा स्वस्त मार्ग आहे. मात्र तमिळनाडूचा धडा विसरता येणार नाही : वाढीव काम त्याच सेविकेवर लादले, तर दोन्ही सेवा ढासळतील. या सेविका आजही ‘मानधना’वर आहेत. केंद्राचे मानधन २०१८ मध्ये ३,००० वरून ४,५०० रुपये झाले. राज्ये त्यात आपली भर घालतात. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात अंगणवाडी सेविका व मदतनिसांना उपदान अधिनियम लागू होतो, असे सांगितले, तेव्हा त्यांच्या सेवेला ‘काम’ म्हणून एक पायरी मान्यता मिळाली.

औद्योगिक वसाहतींत सामाईक पाळणाघराची कायदेशीर वाट उपलब्ध आहे. वेर्णा किंवा कुंडईसारख्या ठिकाणी शेजारशेजारच्या कारखान्यांना ती सोयीची ठरू शकते. पर्यटन व्यवसायातील पाळीचे काम हा वेगळा प्रश्न आहे, कारण सकाळी नऊ ते पाच चालणारे पाळणाघर रात्रपाळीच्या आईला उपयोगाचे नाही. आणि बांधकामांवर येणाऱ्या परप्रांतीय मजुरांची मुले तर बहुधा कोणत्याच यादीत नसतात. एका जागी पन्नासहून अधिक स्त्री मजूर असतील तरच लागू होणारी जुनी अट लहान बांधकामांना स्पर्शही करत नव्हती.

पालकांनी काय पाहावे?

पाळणाघर निवडताना भिंतीवरच्या रंगीत चित्रांपेक्षा पुढील बाबी अधिक सांगून जातात :

• तान्ह्या मुलांमागे किती सेविका आहेत आणि दुपारी, जेवणाच्या वेळी, त्यांपैकी किती प्रत्यक्ष हजर असतात.
• सेविका येथे किती काळ काम करीत आहेत. माणसे टिकत नसतील तर कारण विचारावे.
• पूर्वसूचना न देता पालकाला आत येऊ देतात का.
• पाणी, दूध, स्वच्छतागृह आणि निजण्याची जागा कशी आहे. आजारी मुलाला वेगळे ठेवण्याची सोय आहे का.
• मूल न्यायला कोण येऊ शकते, याची लेखी नोंद ठेवतात का.
• सेविका मुलांशी बोलतात की केवळ त्यांना गप्प बसवतात. अर्धा तास शांतपणे बसून ऐकले, तरी याचे उत्तर मिळते.

राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचे संगोपन व शिक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरले. सहा वर्षांपुढचे शिक्षण हक्क झाले. त्याआधीची वर्षे प्रयत्नांच्या भरवशावर राहिली. त्या वर्षांचा खर्च टळलेला नाही. कोठे आईने नोकरी सोडून, कोठे सेविकेने अर्ध्या पगारावर राबून, तर कोठे मोठ्या बहिणीने शाळा बुडवून तो आजही चुकता केला जात आहे.